हॉलीची फांदी कां लावावी?

नाताळच्या भेटपत्रांवर कांटेरी कडांचीं हिरवीं पानें व लाल फळांचे घोस आपण पाहिलेच असतील. तें झुडूप हॉलीचें. इंग्लंडांतील बागांत तें शोभेसाठीं व कुंपणासाठीं हौसेनें लावतात. परंतु बीं पेरणारा माळी फार धीराचा असावा लागतो. बीं रुजण्यास दोन-तीन वर्षेंहि लागतात. शिवाय पपईप्रमाणें हॉलींतहि नर व मादी झाडें निराळीं असून फळें केवळ मादीस येतात. रोप कोणतें निपजलें, हें फुलें येईपर्यंत कळत नाहीं. पानांची सोनेरी कडहि बियांतून उतरेलच असें नाहीं.

फांदी लावल्यानें ह्या तिन्ही अडचणी टळतात; कारण फांदी हा मूळ झाडाचाच अंश होय. तेथील उन्हाळा सरतांना, त्याच वर्षीं फुटलेली व बुडाशीं किंचित् कठीण झालेली चार ते सहा इंचांची फांदी कापावी. खालचीं पानें काढून तळाशीं एका बाजूची साल पातळशी सोलावी. तेथून मुळें लवकर फुटतात. मग ती वाळूमिश्रित मातींत रोवून कुंडी कांचेखालीं, सावलींत ठेवावी. मुळें नसतांना फांदीस पाणी पुरेसें ओढतां येत नाहीं, म्हणून भोंवतालची हवा दमट हवी. मुळें सुटण्यास दोन-तीन महिने लागतात.

फांदी कोणत्या झाडाची, हें मात्र आधीं पाहावें. ‘गोल्डन किंग’ ही जात मादी, तर ‘गोल्डन क्वीन’ नर आहे! नुसती राणी लावल्यास एकहि फळ दिसणार नाहीं. आणि राजासहि फळें धरण्यास जवळपास नर हवाच. यास्तव नांवावर न जातां, फळांनीं लदलेलें झाड हिंवाळ्यांत हेरून ठेवावें आणि पुढील ऑगस्टमध्यें त्याचीच फांदी घ्यावी.