लोटली गावचा मारियो

आज जे पन्नाशीच्या आसपास आहेत आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, त्यांच्या हातात इंग्रजीचे पुस्तक पहिल्यांदा आले ते पाचवीत. तेव्हा इंग्रजी पाचवीपासूनच सुरू होई. बालभारतीच्या त्या जुन्या इंग्रजी पुस्तकांतले धडे आता कोणाला फारसे आठवत नसतील, पण चित्रे आठवतात. टपोऱ्या डोळ्यांची माणसे, हे लांबलचक नाक, गर्दीने फुगलेला रस्ता आणि कुठेतरी कोपऱ्यात एक कुत्रे. मास्तर शब्दार्थ सांगत आणि आपण चित्रातली माणसे मोजत बसू. ही चित्रे काढणाऱ्याचे नाव मारियो मिरांडा.

मारियो व्यंगचित्रकार होता, अर्कचित्रकारही होता. अर्कचित्र म्हणजे काय, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजत घालायच्या, सकाळी गाळून शंभर लिटर पाणी करायचे, की झाला निंबोळी अर्क. चोथा मागे राहतो, गुण पाण्यात उतरतो. माणसाच्या चेहऱ्याचेही तसेच. दहा रेघा टाकून द्यायच्या आणि दोनच ठेवायच्या, पण त्या अशा की पाहणाऱ्याने लगेच म्हणावे, 'अरे, हा तर आपला अमका!'

मारियोचा जन्म 2 मे 1926 रोजी दमणला झाला. दमण आणि गोवा दोन्ही तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. घर मात्र गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात, लोटली या गावी. सुमारे तीनशे वर्षांचा जुना वाडा, आजूबाजूला नारळाची झाडे आणि भातखाचरे. पोराला नाद एकच, दिसेल त्या भिंतीवर चित्रे काढायची.

आता मायबहिणींनो, खरे सांगा. दिवाळीला भिंतीला नुकता चुना मारलेला आणि पोराने कोळशाने त्यावर बैल काढला, तर आपण काय करतो? मारियोच्या आईने त्याला एक कोरी वही आणून दिली. भिंतही वाचली आणि पोरगाही. त्या वहीला तो आपली डायरी म्हणू लागला आणि रोज पाहिलेले रोज तीत काढू लागला.

पुढे त्याला बंगळुरूला सेंट जोसेफ शाळेत घातले. तिथे त्याने पाद्री शिक्षकांचीच चित्रे काढली आणि बोलणी खाल्ली. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात इतिहास घेऊन बी.ए. केले. सरकारी मोठ्या परीक्षेला बसून साहेब व्हावे, असा तेव्हा विचार होता. मग घरच्यांच्या इच्छेखातर इमारती आखण्याचे शिक्षणही थोडे दिवस घेतले, पण त्यात जीव रमला नाही. आपल्याकडेही घरोघर हेच चालते. पोरगा पदवीधर झाला की त्याने मामलेदार नाहीतर इंजिनिअर व्हावे, असे वाटते आणि त्यात आईबापांचे काही चुकते असेही मी म्हणणार नाही. पोट कशावर भरायचे, हा प्रश्न मारियोलाही सुटलेला नव्हताच. तो पोस्टकार्डांवर चित्रे काढून ओळखीच्यांना थोड्या पैशांत देई. नंतर जाहिरातीच्या कचेरीत चार वर्षे काढली. तेथून 'करंट' साप्ताहिक, मग टाइम्सचे 'इलस्ट्रेटेड वीकली', असा तो पुढे सरकला.

मला या सगळ्यात मोलाची वाटते ती त्याची डायरी. 1949, 1950 आणि 1951 या तीन वर्षांच्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपाने निघाल्या. तेव्हा तो तेवीस ते पंचवीस वर्षांचा होता. डायरीचे पान म्हणजे त्या दिवसाचा गाव. कोणाचे लग्न लागले, बँडवाले कसे वाजवत होते, पाद्री कसा चालतो, बसमध्ये कोण कोणाच्या अंगावर पडले, देवळासमोर कोण कोणाकडे पाहून कुजबुजले. मोठ्या घडामोडी जवळजवळ नाहीतच. ज्या गोष्टी आपण ओट्यावर बसून बोलतो आणि सकाळी विसरतो, त्याच त्याने टिपून ठेवल्या. माणसांना तो हसतो, पण कोणाला खाली पाडत नाही. चेष्टा घरातल्या माणसाने करावी तशी.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. गुल्बेंकियन या संस्थेच्या शिष्यवृत्तीवर तो पोर्तुगालला गेला, तिथून लंडनला जाऊन पाच वर्षे राहिला आणि मग मुंबईला परत आला. 1974 मध्ये अमेरिकेचे बोलावणे आले. बावीसपेक्षा जास्त देशांत त्याची प्रदर्शने भरली. वर्तमानपत्रांतली त्याची पात्रे शहरी वाचकांना तोंडपाठ होती. नटी मिस निंबूपानी, मंत्री बंडलदास, कचेरीतली मिस फोन्सेका आणि साहेबापुढे दबलेला आपला मराठी गोडबोले. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतीही त्याने रंगवल्या. ज्याला लहानपणी भिंतीवरून उठवले, त्याला मोठेपणी लोकांनीच बोलावून भिंती दिल्या.

जग पाहून झाल्यावर मारियो लोटलीला परतला. त्याच वाड्यात राहिला, चित्रे काढत राहिला आणि 11 डिसेंबर 2011 रोजी तिथेच वारला. 1988 मध्ये पद्मश्री, 2002 मध्ये पद्मभूषण आणि मृत्यूनंतर 2012 मध्ये पद्मविभूषण असे मान त्याला मिळाले. श्याम बेनेगल यांचा 'त्रिकाल' हा 1985 सालचा चित्रपट याच वाड्यात चित्रित झाला होता. त्याने काढलेला जुना गोवा आता पुष्कळसा उरलेला नाही. रस्ते रुंद झाले, माणसे परदेशी गेली. पण पन्नास सालचा गाव कसा होता हे कोणाला पाहायचे असेल, तर पाने उलटली की पुरे.

आता आपल्या खानदेशाकडे वळू. सावदा-रावेरकडे केळीच्या घडांनी लादलेल्या बैलगाड्यांची रांग ज्यांनी पाहिली, ती माणसे आता म्हातारी झाली. कानबाईची मिरवणूक डोक्यावर घेऊन निघालेल्या बाया, पोळ्याला शिंगे रंगवताना बैलापेक्षा जास्त रंगलेली पोरे, भरितासाठी शेतात काटक्यांवर वांगी भाजणारे आणि धुराने डोळे पुसणारे पाहुणे, बाजारात उपरण्याखाली बोटे दाबून बैलाचा सौदा करणारा दलाल. यातले एकेक तोंड मारियोला मिळाले असते तर त्याने सोडले नसते! आपल्याकडे ते कोणी काढले? फोटो पुष्कळ निघतात, मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. पण फोटो काढताना माणूस ताठ उभा राहतो. त्याची चाल, त्याचा राग, बोलताना वर जाणारी भुवई ही शेजारी बसून पाहणाऱ्यालाच सापडते.

शब्दांत हे काम आपल्या मातीने करून दाखवले आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्या माणसांनी कागदावर उतरवून ठेवली. त्या 1951 मध्ये गेल्या आणि 1952 मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. लिहून ठेवले नसते तर जात्यावरची ती ओळ जात्यावरच विरली असती. चाळीसगावच्या केकी मूस यांचेही उदाहरण घ्या. त्यांनी रेल्वे स्टेशनाजवळच्या घराबाहेर वर्षानुवर्षे पाऊल टाकले नाही, पण टेबलावर वस्तू मांडून त्यांनी काढलेली छायाचित्रे जगभर गेली. मारियो देशोदेशी फिरला, मूस घरातच राहिले. पाहण्याची नजर दोघांपाशी होती.

आमच्या खात्याच्या घडीपत्रिका घेऊन मी तीस वर्षे गावोगाव फिरतो आहे. कागद हातात पडला की आधी चित्र पाहिले जाते, मजकूर नंतर, आणि पुष्कळदा मजकूर वाचलाच जात नाही. तरीही चित्र काढणाऱ्या पोराला आपण रिकामटेकडा म्हणतो.

ज्यांच्या घरी असे पोर आहे त्यांच्यासाठी एक माहिती. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा शाळेमार्फत देता येतात. इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्यांना दहावीला जादा गुणांची सवलत आहे. मुख्याध्यापकांना विचारावे, फॉर्म भरण्याच्या तारखा चुकवू नयेत. आणि परीक्षा नंतर. आधी शंभर पानी कोरी वही आणि एक पेन्सिल आणून द्यावी. वही आखीव नको.

काजू-नारळाच्या बागा आणि जुने गोवे येथील संशोधन केंद्र पाहायला आपल्याकडच्या सहली गोव्याला जातात. अशा सहलीत निघालात तर पर्वरीजवळ तोर्डा गावी जेरार्ड द कुन्हा यांनी मारियोच्या चित्रांचे दालन उभे केले आहे, तिथे तासभर काढा. लोटलीचा वाडा खाजगी आहे, तो रस्त्यावरूनच पाहावा. आणि माळ्यावर आपले जुने इंग्रजीचे पुस्तक कुठे पडले असेल, तर रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा खाली काढा. पोरांना चित्रातली माणसे मोजायला सांगा. कोपऱ्यातले कुत्रे धरून.