किनाऱ्यापर्यंतचे चलन

मराठीत 'वसाहत' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे : परक्या सत्तेने व्यापलेली भूमी आणि कामगारांच्या घरांची वस्ती. उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेन बेटावर हे दोन्ही अर्थ एकमेकांना भिडतात. तेथे मूळचे रहिवासी नव्हते, कोणत्याही राज्याचा अंमल नव्हता. कोळसा मात्र होता. अमेरिकन उद्योजक जॉन मनरो लाँगयिअर यांच्या कंपनीने १९०६ साली तेथे खाणवस्ती वसविली. १९१६ साली ती 'स्टोरे नोर्स्के' या नॉर्वेजियन कंपनीकडे आली आणि या कंपनीने स्वतःच्या नोटा काढल्या.

खासगी कंपनीस हा अधिकार कोणी दिला? परंतु अधिकार देणारे राज्यच तेव्हा तेथे नव्हते. १९२० च्या तहाने मान्य झालेले नॉर्वेचे सार्वभौमत्व प्रत्यक्षात आले ते १९२५ साली. शिवाय हिवाळ्यात समुद्र गोठला की महिनोन्महिने जहाज येत नसे. वेतन कंपनीचे, दुकान कंपनीचे, खोली आणि खानावळही तिचीच. दिलेला पैसा फिरून तिच्याच पेटीत येणार. मग खरे क्रोनर समुद्रापार न्यावयाचे कशाला?

अर्थशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण येथे मला आपली हुंडी आठवते. हुंडी एका पेठेत लिहावी आणि दूरच्या पेठेत वटवावी. अंतर ओलांडणे हेच तिचे काम. ही नोट नेमकी उलट. बेटावर ती क्रोनरच्या बरोबरीची, बाहेर नुसता कागद. 'चलन' म्हणजे जे चालते ते; हे चलन किनाऱ्यापर्यंतच चाले. मायदेशी निघालेल्या कामगारास कंपनी ते बदलून देई, आणि साऱ्या व्यवहाराचा प्राण या 'देई'त आहे. आसामच्या चहामळ्यांतील मजुरांना धातूची टोकने मिळत. मळ्याच्या आसपासच्या बाजारापलीकडे त्यांना कोण विचारणार? हाती वेतन असूनही माणूस तेथून हलू शकत नसे. ब्रिटनने १८३१ साली अनेक उद्योगांत वेतन चलनी नाण्यांतच देण्याचा कायदा केला होता, पण तो स्वदेशापुरता.

स्पिट्सबर्गेनवरील सोव्हिएत खाणसंस्था 'आर्क्तिकउगोल' हिनेही आपल्या वस्त्यांसाठी अशाच नोटा छापल्या. साम्यवादी असो वा भांडवलदार, एकट्या मालकाच्या गावी उपाय एकच सुचला! १९७५ साली लाँगयिअरब्येन येथे विमानतळ सुरू झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत 'स्टोरे नोर्स्के'च्या नोटा व्यवहारातून गेल्या.