बाळाला शंट बसवलाय? मग साधी उलटीही अंगावर काढू नका

डोक्यात पाणी साचलं म्हणून बाळाचं ऑपरेशन झालं, शंट बसला, बाळ घरी आलं. आता सुटलो, असं घरच्यांना वाटतं. पण शंटने मूळ आजार जात नाही. नळी चालू आहे तोवरच बाळ ठीक असतं.

शंट म्हणजे काय?
मेंदूच्या पोकळ्यांत सतत पाणी तयार होतं आणि रक्तात जिरतं. ही वाट अडली की पाणी साचून डोकं मोठं होत जातं. म्हणून डॉक्टर बारीक नळी कानामागून, कातडीखालून पोटात सोडतात. जादा पाणी पोटात उतरून जिरतं.

काय बिघडू शकतं?
• नळी तुंबणे : हे सगळ्यात जास्त होतं. पहिल्या वर्षात साधारण तीनपैकी एका बाळाचा शंट बिघडतो आणि पुन्हा ऑपरेशन लागतं.
• जंतुसंसर्ग : बहुतेक वेळा पहिल्या 6 महिन्यांत. ताप येतो, नळीच्या रेषेवर लाली येते, टाक्यातून पाणी किंवा पू येतो, पोट फुगतं.
• पाणी जास्त उतरणे : टाळू खोल जाते.
• नळी सुटणे किंवा बाळ वाढलं की तोकडी पडणे.

घरी कसं ओळखाल?
रोज टाळूवर हात फिरवा. बाळ शांत असताना, उभं धरून बघा. रडताना टाळू थोडी फुगतेच. शांत बाळाची टाळू ताठ, फुगलेली लागली तर धोका समजा. वारंवार उलट्या, दूध न ओढणे, सारखी झोप, बुबुळं खाली वळणे, झटके, डोकं भराभर वाढणे हीही लक्षणं आहेत.

इथेच गल्लत होते. 'दात येतायत', 'दृष्ट लागली' म्हणत दोन दिवस जातात. नळी तुंबली तर ताप नसतोही. मेंदूवर दाब वाढत राहिला तर नजर जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो.

काय करायचं?
त्याच दिवशी, रात्र असली तरी, ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात न्या. लांब असेल तर 108 ला फोन करा. कुठल्याही डॉक्टरांना आधी सांगा, "बाळाला शंट आहे." डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. मालिश करताना नळीवर दाब देऊ नका. डोक्याचा घेर दर महिन्याला आशाताईंकडून मोजून लिहून ठेवा.

वेळेत नळी बदलली तर बाळ पुन्हा खेळायला लागतं. फक्त उशीर नको.