प्रमाणित वजावट : औदार्य की न्याय?

नोकरदार हा प्राप्तिकर खात्याचा सर्वांत आज्ञाधारक करदाता होय. वेतन हाती पडण्यापूर्वीच त्यातून कर कापला जातो. व्यापारी व्यवसायाचा खर्च वजा करून उरलेल्या नफ्यावर कर भरतो; शिक्षकाला अथवा कारकुनाला मात्र प्रवासाचा वा पुस्तकांचा खर्च दाखवून वेतनातून वजा करता येत नाही. या विषमतेवरील अंशतः उतारा म्हणजे प्रमाणित वजावट.

१९७४ च्या वित्त कायद्याने ही वजावट पावत्या न मागता देण्याची सोय केली. २००५ च्या अर्थसंकल्पाने ती काढून घेतली. २०१८ मध्ये ती ४०,००० रुपयांच्या रूपाने परतली खरी. पण त्याच वेळी प्रवासभत्त्यावरील १९,२०० आणि वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीवरील १५,००० रुपयांची करमाफी गेली. वाढ झाली ती अवघी ५,८०० रुपयांची! शिवाय उपकर तीनवरून चार टक्क्यांवर गेला, तो निराळाच.

वजावट करातून होत नाही, उत्पन्नातून होते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करपद्धतीत ती ७५,००० रुपये आहे. पंधरा लाख वेतन असणाऱ्याचा तिच्यामुळे उपकरासह ११,७०० रुपये कर वाचतो. मात्र ज्याला पावणेतेरा लाख वेतन आहे आणि अन्य उत्पन्न नाही, त्याचे करपात्र उत्पन्न बरोबर बारा लाखांवर येते, त्याला पूर्ण करसूट मिळते आणि त्याचे ७४,१०० रुपये वाचतात. वजावट तीच, फळ मात्र भिन्न.

वर्षाच्या मध्येच नोकरी बदलणाऱ्याने विशेष सावध राहावे. दोन्ही मालकांनी ही वजावट धरली, तरी कायद्याने ती एकदाच मिळते; विवरणपत्र भरताना उरलेला कर, प्रसंगी व्याजासह, भरावा लागतो. खाजगी शिकवणीच्या उत्पन्नाला तर ती लागूच नाही.

जुन्या करपद्धतीत ही रक्कम २०१९ पासून ५०,००० रुपयांवरच थांबली आहे. भाववाढ मात्र थांबलेली नाही. महागाई भत्ता ज्या न्यायाने किंमत निर्देशांकाशी जोडला जातो, त्याच न्यायाने ही वजावटही जोडली गेली पाहिजे. एरवी दर वर्षी तिचे मोल घटत जाईल, आणि नोकरदाराला आपल्या न्याय्य हक्कासाठी अर्थमंत्र्यांच्या औदार्याची वाट पाहावी लागेल.