सुट्टीचे बिऱ्हाड आणि विहिरीचे पाणी

एप्रिल महिन्यात शाळांच्या परीक्षा आटोपल्या, की मुंबई-पुण्याकडील कुटुंबे मोटारीने कोकणच्या वाटेस लागतात. पूर्वी हा ओघ मुख्यत्वे चाकरमान्यांचा, म्हणजे स्वतःच्या मूळ घरी परतणाऱ्या मंडळींचा असे. आता ज्यांचे गावात कोणीही नाही अशी कुटुंबेही आठ-पंधरा दिवसांसाठी एखादे कौलारू घर भाड्याने घेऊन राहावयास येतात. मुलांना आंब्या-काजूच्या बागा दिसाव्यात, विहिरीचा रहाट, गोठा व समुद्र पाहावयास मिळावा, एवढीच त्यांची अपेक्षा असते. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. शेतावर पाहुण्यांची राहण्याची सोय करणे हा त्यामुळे शेतीस पूरक असा रीतसर व्यवसाय झाला असून, त्याची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करता येते. आंब्याचे पीक एखाद्या वर्षी दगा देते, तेव्हा घरभाड्याच्या चार पैशांचा आधार लहान बागायतदारास मोठा वाटतो.

परंतु या व्यवसायात एक अडचण मुळातच आहे व तिचा विचार फारसा केला जात नाही. ज्या महिन्यात पाहुणे येतात, नेमक्या त्याच महिन्यात विहिरीचे पाणी वर्षातील सर्वांत खालच्या पातळीस गेलेले असते. घर रंगविले, खाटा-गाद्या आणल्या, अंगण सारवले, तरी पाण्याचा हिशेब केलेला नसेल तर सर्व खर्च वाया जातो. शिवाय शेजाऱ्यांशी वितुष्ट येते ते वेगळेच.

एका वाडीवर प्रस्तुत लेखकाने पाहिलेला प्रकार सांगण्यासारखा आहे. तेथील एका शेतकऱ्याने मे महिन्याच्या अखेरीस आपले जुने घर एकाच वेळी दोन कुटुंबांना दिले. दिवसभर प्रवास करून आलेल्या मंडळींनी आल्या दिवशीच मनमुराद स्नाने केली व धुळीने माखलेल्या दोन्ही मोटारी नळीने धुतल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पंप गाळ ओढू लागला. त्याच विहिरीवर पाणी भरणाऱ्या शेजारच्या दोन घरांतील बाया रिकामे हंडे घेऊन काठावर उभ्या होत्या. शेतकऱ्याने टँकर मागविला आणि आलेले बहुतेक भाडे त्यातच गेले. पाहुणे दोन दिवस आधीच निघून गेले. यात पाहुण्यांचा दोष म्हणावा तर त्यांना पाण्याची स्थिती कोणी सांगितलेलीच नव्हती.

पाणी का आटते?

कोकणात पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मग तेथे पाणी कमी कसे, असा प्रश्न देशावरील वाचकांस पडेल. याचे कारण जांभा दगडात आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी त्यात चटकन मुरते. पण उतार तीव्र असल्याने ते तितक्याच लवकर झऱ्या-ओढ्यांवाटे समुद्राकडे निघून जाते. सबब जी विहीर श्रावणात काठोकाठ भरते, तिच्यात वैशाखात कमरेइतकेही पाणी राहत नाही.

विहिरीचा हिशेब कसा करावा?

विहिरीत आज किती पाणी दिसते यापेक्षा दिवसाकाठी नवे पाणी किती येते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे होय. त्यासाठी दोरी, दगड आणि मोजपट्टी एवढे साहित्य पुरते. सायंकाळी पाण्याचा उपसा थांबवून पाण्याची पातळी मोजावी. रात्रभर विहिरीस हात लावू नये. सकाळी पहिला हंडा काढण्यापूर्वी पुन्हा पातळी मोजावी. बारा तासांत पाणी जितके चढले, त्याच्या दुप्पट ही दिवसाची अंदाजी आवक समजावी. मार्चच्या मध्यापासून दर आठवड्यास ही नोंद ठेवल्यास आवक कोणत्या गतीने घटते ते स्पष्ट दिसते.

उदाहरणार्थ, ४ मीटर व्यासाची गोल विहीर घ्या. तिचे क्षेत्रफळ १२.५६ चौरस मीटर भरते, म्हणजे पाणी १ सेंटिमीटर चढले की सुमारे १२५ लिटर आवक झाली. एप्रिलच्या मध्यास रात्रीतून पाणी १५ सेंटिमीटर चढत असेल, तर दिवसाची आवक सुमारे ३,७५० लिटर होईल. मेच्या अखेरीस तीच चढ ८ सेंटिमीटरवर आली, तर आवक केवळ २,००० लिटर राहील.

आता खर्चाची बाजू पाहू. ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज किमान ५५ लिटर पाणी मिळावे, असे प्रमाण २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन अभियानात धरले आहे. शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी हेच प्रमाण १३५ लिटर धरतात. शहरातून येणारी मंडळी आपली सवय बरोबर घेऊन येतात, म्हणून त्यांचा हिशेब शहराच्या प्रमाणाने करणे शहाणपणाचे ठरते.

घरची ६ माणसे : ३३० लिटर
विहिरीवर पाणी भरणाऱ्या शेजारच्या दोन घरांतील १० माणसे : ५५० लिटर
मोठी जनावरे ३, प्रत्येकी ७० लिटर : २१० लिटर
आंब्याची ४० नवी कलमे, आठवड्यातून एकदा प्रत्येकी ३० लिटर, म्हणजे दररोज : सुमारे १७० लिटर
पाहुण्यांची ६ माणसे : ८१० लिटर
एकूण दररोज : २,०७० लिटर

यावरून दोन गोष्टी ध्यानी येतील. पहिली, सहा माणसांचे एक शहरी कुटुंब गावातील सुमारे पंधरा माणसांइतके पाणी वापरते. दुसरी, जी विहीर एप्रिलमध्ये हा भार सहज पेलते, तीच मेच्या अखेरीस तुटीत येते. आणखी एक कुटुंब आले, तर खर्च २,८८० लिटरवर जातो आणि तूट दररोज ८८० लिटरची होते. वर सांगितलेल्या वाडीवर नेमके हेच घडले.

हिशेब तुटीचा निघाल्यास उपाय तीन आहेत. मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर घर देऊ नये. अथवा एका वेळी एकच लहान कुटुंब ठेवावे. अथवा साठवणीची टाकी बांधून आवक चांगली असतानाच ती भरून ठेवावी. टाकी झाकलेली असावी. स्नानगृहात डोक्यावरील फवाऱ्याऐवजी बादली व तांब्या ठेवावा. नळी मिनिटास १५ लिटर पाणी देत असेल, तर १० मिनिटे मोटार धुण्यात १५० लिटर पाणी जाते. त्याऐवजी एक बादली पाणी व ओले फडके पुरते. स्नानाचे व धुण्याचे सांडपाणी पाटाने नारळ-केळीच्या आळ्यांत सोडावे.

कोणताही उपाय केला, तरी शेजाऱ्यांचे हंडे आधी भरले पाहिजेत, हा दंडक मोडू नये. सामाईक विहिरीवर घरभाड्याचा व्यवसाय करावयाचा असल्यास हिस्सेदारांची संमती आधी घ्यावी.

पाण्याची शुद्धता

विहिरीत पाणी कमी राहिले म्हणजे गाळ व घाण यांचे प्रमाण वाढते. गावच्या पाण्याची सवय नसलेल्या मुलांस अशा पाण्याने हगवण लागण्याचा संभव असतो. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर दूर असावा.

विहिरीच्या शुद्धीकरणासाठी ग्रामपंचायतीकडील टी.सी.एल. पावडर वापरावी. पावडर ताजी व बंद पिशवीतील असल्यास १,००० लिटर पाण्यास २.५ ग्रॅम हे प्रमाण आहे. वरील विहिरीत दीड मीटर पाणी असेल, तर ते सुमारे १८,८४० लिटर भरते. त्यास ४७ ग्रॅम पावडर पुरे होईल. पावडर प्रथम बादलीत थोड्या पाण्यात कालवावी, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावी व दहा मिनिटे स्थिर ठेवावी. चुन्याचा साका खाली बसतो. वरचे पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यावे व साका विहिरीत न टाकता दूर पुरावा. ही दुसरी बादली दोरीने विहिरीत सोडून पाण्याखाली वरखाली करावी, म्हणजे औषध सर्वत्र मिसळते. त्यानंतर निदान एक तास पाणी काढू नये. हे काम रात्री केल्यास सोयीचे पडते. पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे की नाही, याची परीक्षा जलसुरक्षकाकडून करून घ्यावी.

घर, औषधे आणि मुले

भाड्याने द्यावयाची खोली पुष्कळदा काल-परवापर्यंत खते व फवारणीची औषधे ठेवण्याची कोठी असते. केवळ झाडून घेतल्याने ती राहण्यास योग्य होत नाही. औषधे, फवारणी पंप व रिकामे डबे तेथून हलवून कुलपात ठेवावेत. जमीन व भिंती धुऊन खोली काही दिवस उघडी ठेवावी. औषधाच्या वेष्टनावरील त्रिकोणाचा रंग विषारीपणा दाखवितो. लाल सर्वांत अधिक विषारी, त्यानंतर पिवळा, निळा व शेवटी हिरवा. बागेत फवारणी झाली असेल, तर वेष्टनावर सांगितलेली मुदत संपेपर्यंत पाहुण्यांच्या मुलांना फळे तोडू देऊ नयेत. औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी किंवा तेल भरून ठेवण्याची चाल तर घरच्यांसाठीही घातक आहे.

विहिरीस कठडा नसेल, तर मुले असलेल्या कुटुंबास घर देऊच नये. कठड्यावर लोखंडी जाळी बसविणे उत्तम. जांभ्याच्या चिऱ्यांच्या, लाकडांच्या व कौलांच्या राशी घरापासून दूर असाव्यात, कारण त्यांत विंचू व साप आसरा घेतात. कोकणातील लाल विंचवाचा दंश लहान मुलास प्राणघातक ठरू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा त्यावर उपयोग दाखवून दिल्यापासून वेळेवर उपचार मिळालेले रोगी वाचू लागले. मात्र रोगी दवाखान्यात लवकर पोहोचला पाहिजे. मंत्र-तंत्रात अथवा दंशाची जागा आवळण्या-कापण्यात वेळ दवडू नये. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा पत्ता व रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक खोलीच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

पाहुण्यांस आधी काय कळवावे?

भाडे ठरविताना पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात. मोटार कोणत्या रस्त्याने आणावी. मुंबईहून येणाऱ्यांस राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ आणि पुण्याहून येणाऱ्यांस ताम्हिणी किंवा वरंधा यांपैकी त्या वेळी खुला असलेला घाट. पहाटे निघून घाट उजेडी उतरावा, घाटात चढणाऱ्या वाहनास आधी वाट द्यावी आणि मुलांस मळमळ होऊ नये म्हणून त्यांना हलके खाऊ घालावे. शेवटचा पेट्रोल पंप कोठे आहे व मोटार कोठवर जाते, तेही सांगावे. पायवाट चालावी लागत असेल, तर ते लपवून ठेवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पाणी विहिरीचे आहे, मे महिन्यात ते बेताचे असते व दरडोई अमुक बादल्या मिळतील, हे स्पष्ट लिहावे. आधी सांगितलेली गैरसोय मनुष्य आनंदाने सोसतो. न सांगितलेली त्यास फसवणूक वाटते.

जेवणाची सोय करावयाची असेल, तर ती घरातील स्त्रियांना विचारूनच ठरवावी. सहा माणसांचा जादा स्वयंपाक व भांडी यांचे श्रम त्यांच्यावर पडतात. तेव्हा त्या उत्पन्नातही त्यांचा वाटा असावा.

रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागते व धूळवाफेवर भात पेरण्याची घाई सुरू होते. त्या दिवसांत घरचा एकही माणूस मोकळा नसतो. पुढे मृगाचा पाऊस आला, की कच्च्या वाटेवर मोटार रुतते. म्हणून पाहुण्यांचा मुक्काम रोहिणीपूर्वी संपेल असे पाहावे. विहिरीच्या दृष्टीनेही हीच मर्यादा योग्य होय.

तयारी दिवाळीपासून

मे महिन्यातील पाण्याची सोय मे महिन्यात होत नाही. पावसाळा संपताच, ओढा वाहता असतानाच, विहिरीच्या वरच्या अंगास सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून वनराई बंधारा घालावा. अडलेले पाणी जमिनीत मुरते व खालच्या विहिरींची आवक अधिक दिवस टिकते. कलमांसाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने शिफारस केलेले, प्लास्टिकचे अस्तर लावलेले जलकुंड खोदून पावसाळ्यातच भरून घ्यावे. म्हणजे नव्या कलमांचा भार विहिरीवर पडत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी होळीपूर्वी आपल्या गावातील भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांची यादी करावी, प्रत्येक घराची विहीर मालकाच्या हातून मोजवून घ्यावी आणि आवक-खर्चाचा वरील ताळा त्यास कागदावर मांडून द्यावा. हे काम एका सकाळचे आहे. ते झाल्यास शहरातून आलेली मुले आनंदाने सुट्टी घालवून परततील, शेतकऱ्यास भाड्याचे पैसे हाती राहतील आणि शेजारच्या घरातील हंडा रिकामा परत जाणार नाही.