‘आमच्या’पासून ‘आमुचं’पर्यंत

१८८५च्या जूनमध्ये मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहाविरुद्ध एक सणसणीत पत्र छापून आलं. सप्टेंबरात दुसरं आलं, ते सक्तीच्या वैधव्यावर. दोन्हींखाली नाव नव्हतं, सही होती फक्त ‘एक हिंदू स्त्री’. लिहिणारी होती वीस-एकवीस वर्षांची रखमाबाई. अकराव्या वर्षी तिचं दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न लागलं होतं. पुढे तिने नांदायला जायचं साफ नाकारलं आणि दादाजी कोर्टाची पायरी चढले.

न्या. पिन्हे यांनी दादाजींचा दावा फेटाळला. अपिलात तो निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी सुनावलं की महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. ‘केसरी’ त्यांच्यावर तुटून पडला होता. अखेर १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन प्रकरण मिटवलं, आणि रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या.

इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पुढचा प्रसंग मात्र भल्याभल्यांना चकवतो. १९०४ मध्ये दादाजी वारले. ज्याच्यासोबत एक दिवसही संसार केला नाही, ज्याला नवरा मानायलाच नकार दिला, त्याच्या मागे रखमाबाई विधवेची पांढरी साडी नेसू लागल्या. लोकांची तोंडं बंद करायची होती की कायद्याने तोडता न आलेल्या नात्याला त्या आपल्या परीने पूर्णविराम देत होत्या? तर्क कितीही लढवावेत. कपाटात ठेवता येईल असं साधं, सरळ बंडखोरीचं चित्र त्यातून काही हाती लागत नाही.

रखमाबाईंनी नाव झाकून लिहिलं. त्यांच्या आगेमागे जन्मलेल्या मराठी बायकांनी पुढे उघड नावानिशी आयुष्य लिहिलं. लग्न, प्रेम, मरण यांना त्या कशा सामोऱ्या गेल्या हे शोधायला त्यांच्या पुस्तकांची नावं नुसती वाचली तरी धागा हाती येतो. सर्वनामांकडे लक्ष ठेवायचं.

रमाबाई रानड्यांचं पुस्तक आलं १९१० मध्ये, पती न्यायमूर्ती रानडे जाऊन नऊ वर्षं झाल्यावर. नाव ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. १८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा नवरी अकरा वर्षांची, नवरा एकतिशीचा. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून कुमारिकेशी लग्न केलं, हा आरोप रानड्यांना जन्मभर चिकटला. त्यांनी बायकोला लगेच पाटी-पेन्सिल दिली. ती शिकू लागली तशी घरातल्या बायकांची टोचणी वाढली. बाहेर सुधारक नवरा, आत सोवळं माजघर, मध्ये ही पोर. पुस्तकात हा ताण जागोजागी जाणवतो, पण ‘मी’ सतत ‘आम्ही’च्या पदराआड उभी राहते. वैधव्यात सेवासदन उभं करणारी, सभा गाजवणारी ही बाई लेखणी हातात घेतली की पुन्हा त्यांची विद्यार्थिनी होते.

लक्ष्मीबाई टिळकांना हा पदर जमलाच नाही. सुदैवच म्हणायचं! नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, ते बायकोला अंधारात ठेवून. ती सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली. कित्येक वर्षं विरहात आणि लोकनिंदेत गेली. मग ती नवऱ्याकडे परतली आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ मध्ये गेले. मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहायला निघाला, त्याने आईकडे आठवणी मागितल्या आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ जन्माला आली. चरित्राचा कच्चा माल म्हणून लिहायला बसलेली बाई चरित्रनायकालाच मागे टाकून गेली. ज्या काळात नवऱ्याचा उल्लेख ‘इकडून’ असा व्हायचा त्या पिढीतली ही बाई खुशाल ‘टिळक’ लिहिते. टिळकांचा विसरभोळेपणा, संताप, उधळमाधळ, सगळं हसत हसत सांगते. त्या हसण्याच्या तळाशी मोठा संताप आहे, आणि त्याहून मोठं प्रेम. त्यांनी टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ही पुरं केलं.

‘माझी’ हा शब्द मुखपृष्ठावर आला तो देवरुखच्या जोशांकडच्या दोन बहिणींमुळे. थोरली गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झाली. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडलं, तिथली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ला, पुण्यात तिने धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं आणि ती आनंदीबाई झाली. कर्व्यांच्या मुरुड गावाने सभा भरवून बहिष्कार घातला. धाकटी पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षी विधवा झाली. पदरी एक मूल होतं. तिने पुनर्विवाहाची वाट धरली नाही. मेहुण्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी ती वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडली. इंग्रजी जेमतेम असताना अमेरिकेला गेली, तिथे लोकांच्या घरी कामं केली. केशवपनाची रीतही तिने मध्येच, आपल्या मर्जीने, सोडून दिली. तिची ‘माझी कहाणी’ १९२८ची, थोरलीचं ‘माझे पुराण’ १९४४चं. एकाच आईच्या दोन लेकी, एकच दुःख आणि दोन उत्तरं. आपण थोरलीला ‘पुरोगामी’ ठरवून मोकळे होतो, पण एकटीने समुद्र ओलांडणारी धाकटी त्या चौकटीत बसत नाही.

पुढच्या पिढीत प्रश्न बदलले. सुनीताबाई ठाकूर यांनी १२ जून १९४६ला पु. ल. देशपांड्यांशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ना बालविवाह, ना सासुरवास, नवरा तर साऱ्या महाराष्ट्राचा लाडका. तरीही १९९० मध्ये, पु. ल. हयात असताना, त्यांचं ‘आहे मनोहर तरी’ आलं आणि त्या ‘तरी’ने पुष्कळ वाचक दुखावले. पु. ल. गेले ते १२ जून २०००ला, लग्नाच्या वाढदिवशी.

‘आहे मनोहर तरी’च्या आधीच, १९८६ मध्ये, फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपात आलं होतं. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या’ दोघांचं होतं. हे ‘आमुचं’ अख्ख्या महारवाड्याचं, त्यातही तिथल्या सुनांचं. बेबीताईंनी हे लिहिलं ते छोट्या दुकानात बसून, पुड्या बांधायला येणाऱ्या रद्दीतून वाचायची हौस भागवत, आणि घरच्यांपासून वह्या लपवत. सुनांना होणारी मारहाण त्या पुस्तकात उघडीवाघडी आहे. स्वतःचा नवरा संशयापायी मारायचा, हे मात्र त्यात नाही. ते त्यांनी सांगितलं पुष्कळ वर्षांनी, इंग्रजी अनुवादासाठी झालेल्या मुलाखतीत, विचारल्यावर.