न उघडता जखम सांगणारी पट्टी

रमजानमध्ये इफ्तारच्या घाईत आमच्या वर्गातील एका मुलीच्या हातावर कढईतले गरम तेल सांडले. घरच्यांनी घाबरून टूथपेस्ट लावली. दवाखान्यात आधी ती पुसून काढावी लागली. पुढे रोज पट्टी बदलताना कापडाची जाळी जखमेला चिकटे आणि नवी कातडी घेऊनच सुटे. "सर, जखम भरतेय तर रोज उघडता कशाला?" असे तिने विचारले, तेव्हा आम्हाला उत्तर देता आले नाही.

उत्तर असे आहे. त्वचा म्हणजे शरीराची भिंत. भाजल्यावर ती पडते आणि जंतूंना वाट मोकळी होते. जखम चिघळतेय का, हे पाहायला ती उघडावीच लागते.

हा त्रास कमी करण्याचे प्रयत्न आपल्याकडेही झाले आहेत. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाची पट्टी वापरली. ती जखमेला चिकटत नाही. (घरी मात्र हा प्रयोग करू नये.) आपल्या पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत डॉ. किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचे जंतुनाशक जेल तयार केले. त्यावरील संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. भाजल्यावर लावतात त्या नेहमीच्या पांढऱ्या मलमापेक्षा त्यात चांदी बरीच कमी लागते.

पुढचे पाऊल म्हणजे 'स्मार्ट' पट्टी. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात अशी पट्टी तयार झाली. तिच्यात रंगाच्या सूक्ष्म कुप्या असतात. घातक जंतूंच्या विषाने त्या फुटतात आणि अतिनील दिव्याखाली पट्टी चमकते. पट्टी चमकली नाही, तर विनाकारण जखम उघडायला नको आणि अंदाजाने प्रतिजैविकेही द्यायला नकोत. ती आपल्या नेहमीच्या दवाखान्यात पोहोचायला मात्र वेळ आहे.

तोवर पहिला इलाज घरातच आहे. भाजलेला भाग २० मिनिटे नळाच्या साध्या पाण्याखाली धरा. अंगठी, बांगड्या लगेच काढा. बर्फ, हळद, शाई, टूथपेस्ट काहीही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ कापडाने सैल झाकून डॉक्टरांकडे न्या.

मुलगी आता शाळेत येते, त्याच हाताने लिहिते. वर्गात आम्ही हे फळ्यावर लिहिले, तेव्हा 'टूथपेस्ट नको' ही ओळ तिनेच मोठ्याने वाचली.